क्लबची मॅच म्हटली की मेंबर गायब होतात, काय करावं?

दहाचा_ठिपका

मंडळी नमस्कार. आमचा रायफल क्लब आहे, घाटावरच्या एका जिल्ह्याच्या गावात, दहा मीटरच्या सहा लेन, सगळी कागदी टार्गेटं, इलेक्ट्रॉनिक बिलेक्ट्रॉनिक काही नाही. मेंबर कमी नाहीत. १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं तेव्हा तर चौकशीला येणाऱ्यांना बसायला खुर्च्या पुरेनात, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचं पोरगं तिथवर पोचतंय म्हटल्यावर प्रत्येक बापाला आपलं पोरगं दिसायला लागलं. त्यातले बरेच टिकले पण, संध्याकाळी येतात, मन लावून प्रॅक्टिस करतात, फी वेळेवर भरतात. पण महिन्याची क्लब मॅच लावली की तीच ठराविक डझनभर टाळकी. बाकीचे त्या रविवारी फिरकत नाहीत, लग्न निघतं, पाहुणे येतात, काहींच्या तर म्हशी पण त्याच दिवशी आजारी पडतात.

ह्या वर्षी मॅचचं काम माझ्या गळ्यात आहे म्हणून जरा एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. आमची मॅच म्हणजे स्टेटची (राज्य स्पर्धेची) रंगीत तालीम असते, साठ शॉट, कागदावर ९० मिनिटं, त्याआधी १५ मिनिटं साइटर (न मोजले जाणारे सरावाचे शॉट), मग टार्गेट गोळा करा, पुढची डिटेल (एका वेळी मारणारी सहा जणांची तुकडी) लावा, म्हणजे एका डिटेलला दोन तास धरून चाला. चार डिटेल झाल्या की सकाळी नऊचे संध्याकाळचे पाच होतात आणि एवढं करून माणसं खेळू शकतात जास्तीत जास्त चोवीस. ज्याला स्टेटला जायचंय त्याला हे ठीक आहे हो, पण जो बँकेत कॅशियर आहे आणि आठवड्यातून दोनदा मन शांत व्हावं म्हणून येतो त्याने रविवार का घालवावा? आणि वर त्याचा स्कोअर बोर्डावर सगळ्यात खाली लागणार, कारण वरचे सगळे जर्मन रायफल आणि जॅकेट-ट्राउझरवाले.

माझं म्हणणं असं की मॅचच चुकीच्या माणसासाठी आखलीय. काय बदलता येईल सांगा. कुणाच्या क्लबात काही वेगळं चालत असेल तर जरूर लिहा.

जुना_नेमबाज

काय बदलायचंय त्यात? मॅच ही मॅच असते. आम्ही ओपन साइटच्या देशी रायफलीवर, जॅकेट म्हणजे काय ते माहीत नसताना साठ-साठ शॉट मारलेत आणि खाली नंबर लागला तर लागला. बक्षीस सगळ्यांना वाटायचं असेल तर मॅच कशाला म्हणता, हळदीकुंकू म्हणा.

नऊ_पॉइंट_नऊ

काका हलके घ्या 😀 पण मी त्या पळणाऱ्यांपैकीच आहे म्हणून लिहितो. कॉलेजला आहे, क्लबची रायफल वापरतो. क्लबच्या रायफली तीन, त्यातली एक नेहमी हवा सोडते. प्रॅक्टिसला चालून जातं, पण मॅचच्या दिवशी माझ्या आधीच्या डिटेलला ज्याने ती रायफल घेतली त्याने साइटचे क्लिक फिरवलेले असतात, बट (खांद्याला टेकणारा भाग) त्याच्या मापाचा केलेला असतो, माझे सगळे साइटर झिरो करण्यातच (नेम जुळवण्यातच) जातात आणि घाम फुटलेला असतो तेव्हा काउंटिंगचे, म्हणजे मोजले जाणारे शॉट सुरू. स्वतःची रायफल असणाऱ्याला हे कळणारच नाही. मला खाली नंबर आल्याचं काही वाटत नाही, वाटतं ते हे की मी किती मारू शकतो ते त्या मॅचमधून कळतच नाही.

गल्लीतला_आरओ

९.९, तुझा मुद्दा एकदम बरोबर आहे आणि उपाय फुकटचा आहे. प्रत्येक क्लब रायफलीला एक वही बांधा. ज्याने वापरली त्याने नाव, बटची लांबी, चीकपीसची (गाल टेकवायच्या पट्टीची) उंची आणि क्लबच्या ठरलेल्या झिरोपासून डावी-उजवी-वर-खाली किती क्लिक ते लिहायचं आणि उठताना साइट परत झिरोवर आणून ठेवायची. पुढचा माणूस वहीत बघतो, स्वतःचे क्लिक लावतो, पाचेक साइटरमध्ये तयार. आमच्याकडे हे सुरू झाल्यापासून साइटरच्या वेळची भांडणं थांबली.

आणि हवा सोडणाऱ्या रायफलीचं ओरिंग बदला की राव. सिलिंडरवरची तारीख पण बघून घ्या, एअर सिलिंडरला दहा वर्षांची मुदत असते, मोठ्या मॅचला इक्विपमेंट चेकमध्ये उडवतील आणि क्लबात तर त्याहून वाईट, कारण तिथे कुणी बघतच नाही.

लेकीची_आई

नमस्कार, मी स्वतः खेळत नाही, मुलगी खेळते, आठवीत आहे. पालक म्हणून दोन गोष्टी. एक, किट. पहिल्याच महिन्यात आम्हाला सांगितलं गेलं की जॅकेट-ट्राउझर-बूट घ्या नाहीतर मॅचला उभं राहण्यात अर्थ नाही. वाढत्या वयाची मुलगी, वर्षात ते जॅकेट आखूड होणार, आणि रायफल तर लाखांत. आम्ही घेतलं कसंतरी, पण तिच्यासोबतच्या दोन मुली तिथेच थांबल्या. दुसरं म्हणजे ते ट्राउझर घालायला बदलायची खोली पाहिजे ना! मुली वॉशरूममध्ये एका पायावर उभ्या राहून ते कडक ट्राउझर चढवतात. मॅचचे प्रकार आणि नियम बदलायच्या आधी एक पडदा लावा अशी विनंती.

दहाचा_ठिपका

ताई, पडद्याचं ह्याच आठवड्यात करतो, आमच्याकडे पण तीच परिस्थिती आहे आणि इतक्या वर्षांत कमिटीत एकानेही हा विषय काढलेला नाही (कमिटीत बाई नाही हे त्याचं कारण असावं). किटबद्दल, नियमात कुठेही जॅकेट सक्तीचं नाहीये, टीशर्ट-ट्रॅकपँटवर उभं राहून खुशाल मारता येतं. स्कोअर कमी येतो एवढंच, कारण पाठीला आणि कोपराला तो टेकू मिळत नाही. मग दोघांना एकाच यादीत का लावायचं? मी विचार करतोय की 'विदाऊट किट' असा वेगळा गट काढावा.

बव्हेरियातला_बंड्या

इकडे म्युनिकजवळ राहतो, नोकरीनिमित्त आलो आणि गावच्या शुट्झेनफेराइनमध्ये, म्हणजे नेमबाजी क्लबात अडकलो. ह्या देशात असल्या क्लबांचं पीक आहे, त्यांच्या फेडरेशनचे मेंबर दहा लाखांच्या वर आहेत. लहान लहान खेड्यात सुद्धा तळघरात दहा मीटरच्या लेन आणि वर बिअर. त्यांचे दोन प्रकार मला आपल्याकडे नेण्यासारखे वाटतात.

पहिला आउफलागे, म्हणजे रायफल स्टँडवर टेकवून मारायची, तीस शॉट. हा चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्यांसाठी आहे, पाठ दुखते, खांदा गेलाय, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, काही फरक पडत नाही. सोपं वाटतं ना ऐकायला? टेकवल्यावर सगळेच दहा मारतात मग खेळ दशांशावर जातो, १०.२ की १०.७. आमच्या क्लबात ह्याच गटात सगळ्यात जास्त चुरस आणि सगळ्यात जास्त भांडणं आहेत. सत्तरीच्या पुढच्या बायका नातवंडांना सोडून येतात आणि मला धूळ चारून जातात.

दुसरी त्यांची लीग. पाच विरुद्ध पाच. दोन्ही टीमचे खेळाडू ॲव्हरेजप्रमाणे एक ते पाच लावतात, एक नंबरची लढत एक नंबरशी, पाच नंबरची पाच नंबरशी, प्रत्येकी चाळीस शॉट, जो जिंकला त्याचा टीमला एक पॉइंट. आता बघा, पाचव्या नंबरचा माणूस, जो तुमच्या बोर्डावर सगळ्यात खाली असतो, त्याची लढत त्याच्याच तोलाच्या माणसाशी आहे आणि २-२ झालं असेल तर आख्खी मॅच त्याच्या हातात! वर प्रेक्षक ढोल वाजवतात, घंटा वाजवतात, सगळं चालतं. आपल्याकडे शूटिंग म्हणजे मयतीसारखी शांतता पाहिजे असा समज आहे, तो इथे येऊन गेला.

जुना_नेमबाज

टीमची कल्पना बरी आहे. हे मान्य. पाचाऐवजी तिघांची करा, सहा लेन आहेत तर तीन लढती एका वेळी शेजारी शेजारी लागतील.

टेकवून मारणं मात्र मला पटत नाही.

बव्हेरियातला_बंड्या

काका एकदा टेकवून १०.९ मारून दाखवा मग बोलू 🙂

जुना_नेमबाज

कागदावर दशांश कोण मोजणार, तुमचा जर्मन मशीनवाला येणार का?

दहाचा_ठिपका

काकांचा हा मुद्दा खरा आहे. दहाचा ठिपका अर्धा मिलीमीटर, पेलेट (छर्रा) साडेचार मिलीमीटरचं, हाताने गेज (भोक मोजायचं साधन) घालून आम्ही पूर्ण आकडाच देऊ शकतो. टेकवून मारणाऱ्यांसाठी मग एकच कार्ड जास्त बारकाईने बघावं लागेल किंवा बरोबरी झाली की शूटऑफ, म्हणजे जादा शॉटवर निकाल. शूटऑफ मला आवडेल, चहा पिणारे पण बघायला उभे राहतात.

विलायती_मिसळ

इंग्लंडमधून. इकडे जे बघितलं ते सांगतो, कदाचित तुमच्या रविवारच्या प्रॉब्लेमवर थेट उपाय आहे. इथल्या क्लबांच्या बहुतेक लीग पोस्टल असतात. म्हणजे मॅचच्या दिवशी कुणी कुठे जायचंच नाही. .२२ ची रायफल, २५ यार्ड, आडवं पडून, एका कार्डावर दहा वर्तुळं, प्रत्येकात एक गोळी, शंभरपैकी मार्क. कार्डं लीगकडून छापील येतात, ठरलेल्या तारखेच्या आत आपल्याच क्लबात, आपल्याला सवड असेल त्या संध्याकाळी मारायची, साक्षीदाराने सही करायची, पाठवून द्यायची. तिकडे स्कोअरर मोजतो आणि निकाल येतो. आणि सगळे खेळाडू ॲव्हरेजप्रमाणे डिव्हिजनमध्ये वाटलेले, त्यामुळे ९८ वाला ९८ वाल्याशी खेळतो आणि ८४ वाला ८४ वाल्याशी. मी अगदी खालच्या डिव्हिजनमध्ये आहे आणि तिथे पहिला येण्यासाठी मी जेवढा जीव टाकतो तेवढा नोकरीत टाकला असता तर मॅनेजर झालो असतो.

दुसरं, इथे नव्या मेंबरला किमान तीन महिने प्रोबेशन असतं, त्या काळात तो क्लबच्याच रायफलीवर शिकतो. स्वतःची रायफल, स्वतःचं लायसन्स हा नंतरचा विषय, कित्येक जण आयुष्यभर क्लबच्या रायफलीवर खेळतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

जाता जाता, ह्यांची जी स्मॉलबोअरची राष्ट्रीय संघटना आहे ती १९०१ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं नाव होतं सोसायटी ऑफ वर्किंग मेन्स रायफल क्लब्ज. म्हणजे गिरणीतल्या कामगाराला परवडावं, जवळच्या जवळ मारता यावं हाच मूळ हेतू. त्यामागे होता फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स, जन्म कानपूरचा.

कोकणी_खवचट

माझा शूटिंगशी संबंध फक्त जत्रेतल्या फुग्यांपुरता आहे पण धागा वाचतोय. एक शंका, हे क्लबमध्ये जाऊन मारायला लायसन्स लागत नाही का? मला वाटायचं बंदूक म्हटली की कलेक्टर ऑफिस आलंच.

गल्लीतला_आरओ

.२२ ला लागतं, ती फायरआर्म झाली. दहा मीटरची एअर रायफल .१७७ बोअरची आणि २० ज्यूलच्या आतली असेल तर २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे लायसन्स लागत नाही, विकत घेताना ओळखपत्र वगैरे द्यावं लागतं. म्हणूनच क्लबसाठी दहा मीटर हा सगळ्यात मोकळा प्रकार आहे. या की एकदा, फुगे नाहीत पण ठिपका आहे.

आता माझं मुख्य म्हणणं. मॅच सोपी करा, छोटी करा, ढोल वाजवा, पण एका बाबतीत तसूभर खाली यायचं नाही ते म्हणजे रेंजची शिस्त. नवी माणसं मॅचला येणार म्हणजे ज्यांना कमांड कानावर पडायची सवय नाही अशी माणसं येणार. सेफ्टी फ्लॅग बॅरलमध्ये, 'लोड' म्हटल्याशिवाय पेलेट नाही, 'स्टॉप' म्हटलं की रायफल टेबलावर, लाइनच्या पुढे कुणीही कुठल्याही कारणाने जायचं नाही. मॅचच्या आधी दहा मिनिटं कमांडचीच रिहर्सल घ्या, कोरडी, पेलेटशिवाय. घाबरलेल्या माणसाची अर्धी भीती तिथेच जाते, कारण त्याला स्कोअरपेक्षा 'मी काहीतरी चुकीचं करेन आणि सगळे बघतील' ह्याची धास्ती असते. आणि हात धुवायला साबण ठेवा, पेलेट शिशाचं असतं आणि आपल्याकडे मॅच संपली की त्याच हाताने वडापाव. पेलेट ट्रॅपखालची जमीन कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

चाकांवरून

उशिरा आलो धाग्यावर. मी व्हीलचेअर वापरतो. नेमबाजी हा असा खेळ आहे ज्यात मी शेजारच्या लेनवरच्या धडधाकट माणसाबरोबर एकाच टार्गेटवर, एकाच नियमात मोजला जाऊ शकतो, असे खेळ फार नाहीत. अवनी लेखराने टोकियो आणि पॅरिस दोन्हीकडे दहा मीटरला सोनं घेतलं, आपल्या कोल्हापूरचा स्वरूप उन्हाळकर टोकियोला चौथा आला, थोडक्यात मेडल गेलं. ज्यांच्या हातात रायफल पेलायची ताकद नाही त्यांच्यासाठी एसएच२ गटात स्प्रिंगचा स्टँड असतो, रायफल त्यावर तोलून धरायची. म्हणजे नियमांनी आमची सोय केलेली आहे.

अडतं कुठे, तर दारातल्या दोन पायऱ्यांवर. ज्या रेंजवर मी पहिल्यांदा गेलो तिथे मला चौघांनी खुर्चीसकट उचललं, सगळे हसतमुख, सगळे मदतीला तयार. पण दर वेळी चार माणसं गोळा झाल्याशिवाय मला आत जाता येत नसेल तर मी मॅचला येणार नाही, प्रॅक्टिसलाही येणार नाही. प्लायवूडचा उतार करून घ्या. आणि लेन साधारण मीटरभर रुंद असते, त्यात खुर्ची बसते पण वळत नाही, तेव्हा कडेची लेन द्या आणि तिथलं टेबल हलवता येईल असं ठेवा. एवढंच.

बंड्या ज्या टेकवून मारायच्या स्टँडबद्दल सांगतोय तो आणि आमचा स्टँड हे नियमाप्रमाणे वेगळे आहेत, पण क्लबच्या मजेच्या मॅचला एकाच सुताराकडून दोन्ही होतील.

जुना_नेमबाज

उतार मी करून देतो. माझ्या पुतण्याचं फॅब्रिकेशनचं आहे, लोखंडी करू, प्लायवूड पावसात फुगतं. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. टेकवून मारण्याबद्दलचं माझं मत तसंच आहे, पण बायपास झालेला आमचा एक जुना मित्र रेंजवर येऊन नुसता बसून असतो, त्याला विचारून बघतो.

दहाचा_ठिपका

काका 🙏🙏 व्यनि केलाय.

आतापर्यंतचं वाचून मी एक कच्चं गणित मांडलंय, चुका काढा. वीस शॉटची मॅच. कागदावर साठला ९० मिनिटं म्हणजे वीसला ३० मिनिटं, साइटर १०, टार्गेट बदलायला १०, एक डिटेल ५० मिनिटांत बसते. तीन डिटेल, अठरा माणसं, अडीच तासात मोकळे. सकाळी आठला सुरू केलं तर साडेदहाला घरी, रविवार शाबूत. आणि ज्यांना रविवार नकोच त्यांनी विलायती_मिसळ म्हणतात तसं त्याआधीच्या आठवड्यात कुठल्याही संध्याकाळी, आरओसमोर (रेंज ऑफिसरसमोर), नंबर घातलेल्या शिक्क्याच्या टार्गेटवर मारून कार्ड पेटीत टाकायचं.

दोनशेपैकी स्कोअर आणि त्यावर हँडिकॅप. शेवटच्या तीन कार्डांचं ॲव्हरेज काढायचं, दोनशेत जेवढं कमी पडतंय त्याच्या ८० टक्के बोनस. म्हणजे ज्याचं ॲव्हरेज १६० त्याला ३२, ज्याचं १९० त्याला ८. १६० वाल्याने त्या दिवशी १६५ मारले तर १९७, १९० वाल्याने १९१ मारले तर १९९. बोर्डावर दोन याद्या, एक नुसत्या स्कोअरची, एक हँडिकॅपची.

नऊ_पॉइंट_नऊ

पूर्ण १०० टक्के बोनस का नाही? ह्या उदाहरणात १६० वाल्याने पाच वाढवले तरी हरला, १९० वाल्याने एकच वाढवला.

दहाचा_ठिपका

कारण १६० ला पाच वाढवणं सोपं आहे रे, १९० ला एक वाढवायला महिने जातात. १०० टक्के केलं तर रोज नवखाच जिंकेल आणि मग काकांसारखे लोक खरंच हळदीकुंकू म्हणतील. त्याच १६० वाल्याने १७० मारले तर २०२ होतात, पण आपण २०० ला कुलूप लावू. ८० वर सुरू करू, दोन-तीन मॅचनंतर बघू कुणाकडे झुकतंय.

कोकणी_खवचट

आणि तीन कार्डं मुद्दाम वाईट मारून ठेवली तर? (मी असतो तर हेच केलं असतं)

गल्लीतला_आरओ

म्हणून शेवटच्या तीन नाही, शेवटच्या सहातली चांगली तीन घ्या. सहाही मुद्दाम घालवायला भलता पेशन्स लागतो आणि एवढा पेशन्स असेल तर तो माणूस तसाही चांगलं मारेल.

लेकीची_आई

वीस शॉट, बिनकिटाचा गट आणि अडीच तास असेल तर मला स्वतःलाच खेळावंसं वाटतंय, तसंही लेकीची मॅच संपेपर्यंत बाहेर बाकड्यावर बसूनच असते मी. एक विचारायचं होतं, मी डावरी आहे. क्लबची रायफल चालेल का?

दहाचा_ठिपका

नक्की या ताई, तुमच्यासारखे बाकड्यावर बसलेले पालक आमच्याकडे पण आहेत, त्यांचा तर मी विचारच केला नव्हता. डावऱ्यांसाठी ग्रिप आणि चीकपीस दोन्ही बाजूंनी चालेल असा बट असतो, तसा आमच्या तीनपैकी एकीला आहे, तुमच्या क्लबात विचारून घ्या. नसेल तर आधी कुठल्या डोळ्याने नेम धरता ते बघा, हात डावा पण डोळा उजवा असं पुष्कळांचं असतं, मग उजव्या खांद्यावर शिकलेलं बरं.

आमची पहिली मॅच पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आठला. तिघांच्या टीमची लढत त्याच्या पुढच्या महिन्यात, तोवर ॲव्हरेज तरी जमतील.

जुना_नेमबाज

आठला म्हणजे आठला सुरू करा. साडेसातला मी उतार घेऊन येतोय, दार उघडं ठेवा. आणि माझं नाव नुसत्या स्कोअरच्या यादीत घाला, मला बोनस नको.

बव्हेरियातला_बंड्या

काकांचं ॲव्हरेज १९० च्या खाली असेल तर हँडिकॅपच्या यादीत पण गुपचूप घाला. निकाल इथेच टाका, वाट बघतोय.